जिन्याखालचा संडास

घराचा नकाशा हा तटस्थ कागद असतो, असं आपण धरून चालतो. हवा कुठून येईल, ऊन कुठे पडेल, बीम किती खोल, खर्च किती, एवढंच त्यात असतं म्हणे. जात असलीच तर ती घरात राहणाऱ्याच्या डोक्यात असेल, विटांना काय माहीत? मला हे अजिबात पटत नाही. डोकं एखाद्या वेळी बदलतं. भिंत पन्नास वर्षं जागेवर उभी राहते आणि रोज तेच काम करते. आपल्याकडे कोणी किती आत यायचं हे नकाशा ठरवतो, आणि 'किती आत' हे मोजायची पट्टी जातीची आहे.

मी हे रायपूरच्या चौबे कॉलोनीत बसून लिहिते आहे. पीएचडीच्या फील्डवर्कसाठी इथे भाड्याने राहते. मराठी माणसाला ही कॉलोनी महाराष्ट्र मंडळामुळे ठाऊक असते. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी बोलणारे लोक आहेत. १८५४ मध्ये ती राजवट गेली, माणसं राहिली. पुढे रेल्वे आली, राजनांदगावची गिरणी आली, भिलाईचा कारखाना आला, आणि त्यांच्या मागे आणखी लोक आले. कोणी कारभारी आणि कारकून म्हणून आले, कोणी मजूर म्हणून. दोघांची मातृभाषा एक, घरं मात्र एक नाहीत. कॉलोनीचं नाव ब्राह्मण आडनावाचं आहे. तिला लागून जी कॉलोनी आहे तिचं नाव समता कॉलोनी. हसू नका. दोन्हीकडच्या जुन्या बंगल्यांचे नकाशे तुमच्यासमोर ठेवले तर कुठला चौबेचा आणि कुठला समतेचा, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

नमुना साधारण असा. समोर मोठं गेट, पोर्च, व्हरांडा, मग हॉल. हॉलच्या मागे जेवणाची जागा, तिला लागून स्वयंपाकघर, ईशान्येला देवघर. प्लॉटच्या एका कडेने तीन-चार फुटांची बोळ. मोठ्या गेटाच्या शेजारी एक छोटं फाटक असतं, तिथून ही बोळ सरळ मागे जाते. मागे भांडी घासायची मोरी, नळ, कपड्यांची तार. स्वयंपाकघराला मागच्या बाजूला उघडणारं एक दार. आणि बाहेरच्या जिन्याखाली, जिथे ताठ उभं राहिलं तर डोकं पायरीला लागेल, तिथे एक संडास. दिवा नाही, बरेचदा खिडकी नाही, दार म्हणजे पत्रा. घराच्या आत टाइल्स लावलेले दोन-तीन संडास असतात, त्यांच्यात हा मोजला जात नाही. घर विकायला निघालं की जाहिरातीत 'थ्री बीएचके, तीन टॉयलेट' असंच लिहिलं जातं. चौथा कोणासाठी आहे हे विकणाऱ्याला सांगावं लागत नाही आणि घेणाऱ्यालाही विचारावं लागत नाही.

आता या घरात रोज सकाळी येणाऱ्या बाईचा रस्ता बोटाने काढून पाहा. ती शेजारच्या एखाद्या वस्तीतून येते. छोटं फाटक, बोळ, मागची मोरी. भांडी तिच्यासाठी बाहेर आणून ठेवलेली असतात. झाडायला-पुसायला ती हॉलमध्येही जाते, पण मागून, आणि काम संपलं की मागूनच निघते. तिघांचे तीन संडास ती घासते. गरज पडली तर ती जिन्याखाली जाते. दुपारी तिच्यासाठी चहा येतो तो वेगळ्या कपात, आणि तो कप ठेवायलाही मागच्या खिडकीच्या पट्टीवर नेमकी जागा असते. या सगळ्यात कोणी कोणाला 'शिवू नको' म्हणालेलं नाही. म्हणायची गरजच उरलेली नाही. जे तोंडाने बोललं तर गुन्हा ठरेल, ते काम आता गवंड्याकडून करून घेतलं जातं.

आर्किटेक्ट लोक याला 'सर्व्हिस सर्क्युलेशन' म्हणतात. म्हणजे सेवा करणाऱ्यांची वाट आणि सेवा घेणाऱ्यांची वाट एकमेकींना छेदू नये अशी आखणी. ती छेदली नाही तर नकाशा चांगला. का छेदू नये, हा प्रश्न विचारला तर उत्तर येतं: सोय. कोणाची सोय, हा पुढचा प्रश्न कुणी विचारू नये अशी अपेक्षा असते.

ही रचना चौबे कॉलोनीने शोधलेली नाही. जुना वाडा आठवा. ओटा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. एकेक उंबरठा ओलांडला की एकेक जात मागे राहते. कोणी ओट्यापाशी थांबायचं, कोणी चौकात, कोणी ओसरीवर बसायचं, कोणाला माजघरापर्यंत मुभा. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. ती कल्पना ज्यांना वर्गात अवघड वाटली असेल त्यांनी वाड्याचा नकाशा उघडावा; प्रत्येक पायरीवर थांबलेला माणूस आपल्या खालच्या पायरीकडे पाहून समाधान मानतो, हे तिथे दगडात दिसतं. आणि घरातल्या बाईला सगळे उंबरठे खुले होते असंही नाही. महिन्यातले चार दिवस तिचीही जागा बाहेरच्या खोलीत किंवा परसात नेमलेली होती. जात आणि बाईपण यांचा निवाडा एकाच दाराशी होत होता.

देवळाचंही तेच. महाद्वार, सभामंडप, गाभारा. पंढरपुरात चोखोबांची समाधी कुठे आहे ते पाहा: महाद्वारासमोर, बाहेर. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला वेशीच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून ते गेले. म्हणजे भिंत बांधताना आत, दबून मेल्यावर बाहेर. त्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. दार उघडलं. नकाशा होता तसाच राहिला, आणि तो घराघरात आजही काढला जातो.

वास्तुशास्त्राचं नाव काढल्याशिवाय रायपुरात काय, पुण्यात काय, प्लॉटसुद्धा विकला जात नाही. ते शास्त्र ऊन-वाऱ्याचं आहे, त्याचा जातीशी काय संबंध, असं आपल्यातलेही शिकलेले लोक म्हणतात. तर वराहमिहिराची बृहत्संहिता घ्या, सहाव्या शतकातली. तिच्यात वास्तुविद्येचा एक आख्खा अध्याय आहे. घराची रुंदी वर्णावरून ठरते: बत्तीस हातांपासून सुरुवात, वर्ण उतरला की चार-चार हात कमी, आणि सोळाच्याही खाली जे अतिहीन समजले जात त्यांची घरं. जमिनीचा रंगही वर्णाप्रमाणे, ब्राह्मणाला पांढरी, क्षत्रियाला तांबडी, वैश्याला पिवळी, शूद्राला काळी. उतार कुठल्या दिशेला हवा, तेही वर्णाप्रमाणे. आजचा वास्तू-सल्लागार वर्णाचे हे श्लोक सांगत नाही. तो फक्त दिशा सांगतो आणि फी घेतो. दिशांच्या त्या चौकटीत मालकाची खोली नैऋत्येला पक्की झाली की नोकराची खोली उरलेल्या कोपऱ्यात आपोआप जाते. ज्या ग्रंथांनी आपल्या पूर्वजांसाठी सोळा हातांपेक्षाही कमी जागा लिहिली, त्यांचे वारसदार आता आपल्याला होम लोनवर ईशान्य विकत आहेत.

बोळीचा इतिहास याहून घाण आहे, शब्दशः. पाण्याचे संडास येण्याआधी घरामागे टोपलीचे संडास असत. त्यांना बाहेरच्या बाजूने एक झरोका असे. मैला उचलणारा माणूस मागच्या गल्लीतून येई, झरोक्यातून टोपली ओढे, भरून नेई. घरातल्यांना त्याचं तोंड दिसू नये म्हणून आख्खी गल्ली आखली जाई. मुंबईत दोन इमारतींच्या मधल्या अशा फटीला आजही हाउसगल्ली म्हणतात. फ्लश आला, टोपली गेली, गल्ली राहिली. चौबे कॉलोनीतली चार फुटांची बोळ तिचीच नात आहे. फरक इतकाच की आजीच्या काळात त्या वाटेने मैला जात होता, आता माणसं जातात.

'हे जुन्या बंगल्यांचं झालं, नव्या फ्लॅटमध्ये असं काही नसतं,' हा पुढचा बचाव. ओपन किचन आलं, भिंती पडल्या, आता कुठलं माजघर? मी काही नवे ब्रोशर गोळा केले आहेत. त्यात हॉलकडे उघडं, चकचकीत स्वयंपाकघर आहे खरं. पण त्याच्या मागे 'युटिलिटी' नावाची चिंचोळी जागा आहे. सिंक तिथे, वॉशिंग मशीन तिथे, कचऱ्याचा डबा तिथे. मोठ्या फ्लॅटमध्ये युटिलिटीला स्वतःचं दार असतं आणि ते दार सर्व्हिस लिफ्टसमोर उघडतं. ओटा हॉलमध्ये आला कारण त्यावर आता मॅडम पास्ता करतात. भांडी घासणारे हात मात्र होते तिथेच आहेत. भिंत पडलेली नाही, चार फूट मागे सरकली आहे.

आणि सरकारही यात मागे नाही. बृहन्मुंबईची १९९१ची विकास नियंत्रण नियमावली पाहा. प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल त्या हिशोबाला एफएसआय म्हणतात, आणि मुंबईत त्याच्या एकेका फुटासाठी बिल्डर जीव टाकतात. या नियमावलीत एफएसआयमधून वगळायच्या जागांची यादी आहे. त्या यादीत घरकामाच्या नोकरांसाठी न्हाणी-संडास आहे: प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक विंगेला, आणि त्याची वाट सामायिक पॅसेजमधून. म्हणजे घरातून नको. कामगारांना संडास मिळावा ही गोष्ट चांगलीच आहे, त्याला माझा विरोध कशाला असेल? पण तो ज्या रीतीने दिला गेला ती पाहा. वेगळा बांधाल तर जागा हिशोबात धरणार नाही, असं बक्षीसच कायद्याने लावलं. जी बाई घरातले सगळे संडास घासते तिने त्यातला एक वापरावा, हा साधा उपाय नियम लिहिणाऱ्यांना सुचला नसेल असं मी मानत नाही.

आधुनिक वास्तुकला म्हणून ज्याचं कौतुक आपण ऐकतो त्या चंदीगडमध्येही मुख्यमंत्र्यांपासून चपराशापर्यंत तेरा श्रेणींची सरकारी घरं आखली गेली. ल कॉर्ब्युझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उतरंड मोडली नाही, तिला काँक्रीट दिलं. शेजारच्या भिलाईतही क्वार्टर पदाप्रमाणे मिळतं. तरी मी भिलाईला थोडं वेगळं मोजते. तिथे पद पाहून घर मिळालं, आडनाव पाहून नाही, त्यामुळे एका भिंतीच्या दोन बाजूंना गावात कधी शेजारी झाली नसती अशी माणसं आली. पद कोणाला मिळालं हा वेगळा झगडा आहे, तो झालाच पाहिजे. पण क्वार्टरच्या भिंतीने गावकुसाचं काम केलं नाही, एवढं तिचं देणं मान्य करू.

माझी आई नागपूरची. वीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी केली, त्यातून मला एमएपर्यंत शिकवलं. मागच्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. मी गेटापाशी वाट पाहत उभी, आणि ती कुठे दिसेना. थोड्या वेळाने मागून हाक आली. ती छोट्या फाटकातून, बोळीने, मागच्या मोरीपाशी जाऊन उभी होती, हातात डब्याची पिशवी. मी म्हटलं, "आई, इकडून काऊन आली तू?" ती म्हणाली, "मले वाटलं, इकडूनच जा लागते." या घरात ती आधी कधी आली नव्हती. तिला कोणी अडवलं नव्हतं, कुठे पाटी नव्हती. तिने फक्त घर पाहिलं आणि घराने तिला सांगितलं. 'डिझाइन माणसाला बोलतं' असं आर्किटेक्चरच्या वर्गात शिकवतात. बोलतं खरंच. आमच्याशी काय बोलतं ते या वर्गांतल्या मास्तरांनी कधी ऐकलंय का?

घरांचं हे, मग दुकानांचं काय? चौबे कॉलोनीतले जी.ई. रोडच्या बाजूचे कितीतरी बंगले आता बंगले राहिलेले नाहीत. खाली शोरूम, वर कोचिंग, कुठे नर्सिंग होम, कुठे बुटिक. पोर्च तोडून काच लावली, वर ॲल्युमिनियमचे चकाकणारे पत्रे ठोकले की झाली कमर्शियल बिल्डिंग. बोळ मात्र कोणी तोडत नाही. माल तिथून येतो, हाउसकीपिंगची माणसं तिथून येतात, डब्बा खायला सेल्सगर्ल तिथे उकिडवी बसते. तीही बहुतेक आपल्यातलीच, बीए किंवा बीकॉम झालेली. काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाइकासाठी सोफा आणि पलीकडे तिच्यासाठी काहीच नाही. काउंटरची उंचीच अशी की उभं राहूनच काम होईल. दहा तास उभं राहायचं. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यावी असा कायदा केला, तो तिथल्या कापडदुकानांतल्या बायकांनी भांडून मिळवला. स्टुलासाठी कायदा लागतो, कारण स्टूल न ठेवणं हा विसरभोळेपणा नव्हता. मालक उभ्या बाईला कामसू समजतो आणि बसलेलीला उर्मट. वाड्यात ओसरीवर कोणी बसायचं आणि कोणी चौकात उभं राहायचं, तोच हा हिशोब, फक्त एअर कंडिशनरमध्ये.

या इमारतींतली सर्वांत भयंकर गोष्ट जमिनीखाली असते. जुन्या बंगल्यांचे सेप्टिक टँक बहुतेक मागच्या मोरीजवळ किंवा बोळीत. बंगल्याचं नर्सिंग होम झालं, वापर दहापट झाला, टाकी तीच. वरून फरशी बसवली, झाकण दीड फुटाचं ठेवलं किंवा बुजवूनच टाकलं. मैला ओढणारी गाडी रस्त्यावर उभी राहते आणि तिचा पाइप चार फुटांच्या बोळीतून, दोन वळणं घेऊन, तिथपर्यंत नीट पोचत नाही. मग माणूस उतरवला जातो. तो माणूस कुठल्या जातीचा असतो हे या पोर्टलच्या वाचकांना सांगायला नको. २०१३च्या कायद्याने हे काम करवून घेणं गुन्हा ठरवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई तीस लाख केली. पण टाकी कुठे ठेवायची आणि तिचं तोंड केवढं ठेवायचं, हे तर नकाशा काढणाऱ्याच्या हातात होतं. टाकी पुढे, रस्त्यालगत ठेवली असती तर यंत्र पोचलं असतं. पण पुढे पोर्च आहे, गाडी आहे, तुळस आहे. मैला मागेच असला पाहिजे, हा आग्रह टोपलीच्या संडासाच्या काळापासून चालत आला आणि त्या आग्रहापायी माणसं गुदमरून मरतात. अशा मृत्यूत कंत्राटदारावर गुन्हा दाखल होतो, कधीमधी घरमालकावरही. नकाशावर सही करणाऱ्याचं नाव मी कुठल्याही एफआयआरमध्ये वाचलेलं नाही.

आर्किटेक्ट मित्र म्हणतात, आम्ही काय करणार, क्लायंट मागतो. हा युक्तिवाद मला विशेष आवडतो, कारण डॉक्टर तो करू शकत नाही. गर्भलिंग निदान क्लायंट मागतो म्हणून करून दिलं तर डॉक्टर तुरुंगात जातो. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ चा आहे, या लोकांना सही करायचा परवाना आहे, आचारसंहिता आहे. पाच वर्षांच्या शिक्षणात बाउहाउस येतं, कॉर्ब्युझिए येतो, मोढेरा येतं. जिन्याखालचा संडास मात्र कोणी शिकवत नाही, तरी पास झालेल्या प्रत्येकाला तो काढता येतो. हे ज्ञान घरून येतं.

दुसऱ्या तऱ्हेनेही घर बांधता येतं, याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. १९८०च्या दशकात चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला वसाहत आखली. त्यात सगळे प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यान ठेवले, म्हणजे गरिबाच्या आणि बऱ्या स्थितीतल्याच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती. पुढे लोकांनी ती घरं पाडून मजले चढवले, ते सोडा. मुद्दा हा की समतेचा आकडा नकाशावर टाकता येतो आणि तो टाकला गेला होता.

पण मला जास्त जवळचं उदाहरण दादरचं आहे. बाबासाहेब जवळपास दोन दशकं परळच्या बीआयटी चाळीत राहिले. त्या काळात कामगारांसाठी सरकार कशी घरं बांधत होतं ते पाहायचं तर १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळी पाहा: १६० चौरस फुटांची एक खोली, संडास मजल्यावर सामायिक. अशा चाळीतून बाबासाहेबांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचं घर बांधलं आणि तेही हिंदू कॉलोनीत. नाव ठेवलं राजगृह, बुद्धाच्या काळातल्या मगधाच्या राजधानीचं. आता नकाशा पाहा. खाली कुटुंब, वर ग्रंथालय आणि कार्यालय. सवर्ण घरात जी जागा सर्वांत आत, सर्वांत उंच, सर्वांत राखलेली असते, जिथे देवघर असतं, ती जागा त्यांनी हजारो पुस्तकांना दिली. आणि त्या पुस्तकांपर्यंत जायला कोणाचं आडनाव आड येणार नव्हतं. घराच्या गाभाऱ्यात काय ठेवायचं हे बदललं की घर बदलतं, हे त्यांनी लिहून नाही, बांधून दाखवलं. राजगृहाच्या फोटोपुढे आपण नतमस्तक होतो. त्याच्या नकाशाचा अभ्यास किती जणांनी केला?

कारण आता घरं आपण बांधतो आहोत. आपली पिढी पहिल्यांदा पगाराची स्लिप घेऊन बँकेत जाते आहे. कोणी नागपुरात, कोणी भिलाई-दुर्गला, कोणी औरंगाबादला तीस बाय चाळीसचा प्लॉट घेते. आर्किटेक्ट परवडत नाही, म्हणून ड्राफ्ट्समन. तोही नाही तर यूट्यूबवरचा 'ईस्ट फेसिंग, वास्तुप्रमाणे' तयार नकाशा. आणि मग तथागतांची मूर्ती ईशान्येला, बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये, आणि जिन्याखाली संडास. मी अशी किमान पाच-सहा घरं पाहिली आहेत, जय भीम म्हणून आत गेलेल्या घरांत. वीस वर्षांचे हप्ते कशाचे भरायचे? ज्या नकाशाने आपल्या आयांना मागे उभं केलं त्याचेच?

"अरे पण आमच्याकडे कामाला बाई नाहीच, आम्हीच करतो," असं एकजण म्हणाला. मग तो संडास कशाला? "असतोच ना सगळ्यांच्यात." दुसऱ्याने व्यवहाराचा मुद्दा काढला, उद्या विकायचं झालं तर अशा गोष्टी गिऱ्हाईक बघतं. हा मुद्दा खोटा नाही, आणि म्हणूनच तो त्रास देतो. बाजारात घराची किंमत ठरवणारं ते गिऱ्हाईक कोण आहे, हे त्याला पक्कं माहीत आहे. ते गिऱ्हाईक डोळ्यापुढे ठेवून आपण आपल्या हयातीचं घर बांधायचं, आणि त्याच्या सोवळ्याची व्यवस्था आपल्या कर्जातून करून ठेवायची. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समता नगर, भीमनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. पाटी बदलली, चांगलं झालं. रमाई आवासचं घरकुल मात्र अजून त्याच वस्तीत, गावाच्या त्याच बाजूला उभं राहतं. आणि आपण शहरात येऊन, स्वतःच्या पैशाने, वस्तीची ती बाजू घराच्या आत बांधून घेतो.

भिलाईजवळ माझ्या एका मैत्रिणीचं घर यंदा उभं राहतंय. ती शाळेत शिक्षिका, नवरा रेल्वेत. ड्राफ्ट्समनने आणलेल्या पहिल्या नकाशात सगळं जिथल्या तिथे होतं: बोळ, मागचं दार, जिन्याखाली डब्ल्यूसी. न विचारता. तिने मला नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि आम्ही दोघींनी पेन्सिल घेतली. बोळ सोडावीच लागते, नियमाप्रमाणे कडेला जागा ठेवायची असते, पण तिच्यावरचं छोटं फाटक खोडलं. घराला एकच गेट, सगळ्यांसाठी. हॉलला लागून एक संडास, पाहुण्याला, गॅसवाल्याला, पुढेमागे कामाला कोणी आलं तर तिलाही तोच. मोरी स्वयंपाकघराच्या आत घेतली, खिडकीखाली, उभं राहून भांडी घासता येतील अशा उंचीवर. सेप्टिक टँक पुढे, गेटाजवळ, तीन फुटी झाकणाचा. यावर सासऱ्यांनी आठ दिवस अबोला धरला, दारातच संडासाची टाकी म्हणजे काय! ते स्वतः निवृत्त सफाई कामगार आहेत. आठव्या दिवशी त्यांनीच जागेवर येऊन गाडी कुठे लागेल आणि पाइप कसा येईल हे पावलांनी मोजून दाखवलं, आणि टाकी आणखी दोन फूट पुढे घ्यायला लावली.

ड्राफ्ट्समन शेवटपर्यंत गोंधळलेला होता. "मॅडम, फिर सीढ़ी के नीचे क्या दिखाऊँ?" त्याने विचारलं. तिथे पाण्याची मोटर दाखवली आहे.